न सांगण्याचा पगार

महाडात समाजसेवक व्हायला फारसं काही लागत नाही. वाढदिवस असावा, चार मित्र असावेत आणि नाक्यावर फ्लेक्स लावायला जागा मिळावी. फोटोखाली तो शब्द आपोआप येतो. त्यामुळे मी शहरात राहून समाजकार्याची रीतसर पदवी घेतली आणि पगारी नोकरीवर महाडला परत आले, तेव्हा आमच्या कापडदुकानात गादीवर बसल्या बसल्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे तू नक्की करणार काय?"

"लोकांचं ऐकून घेणार."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

वडिलांनी हातातली कात्री खाली ठेवली. समोर परकर बघायला आलेल्या बाईंकडे वळून म्हणाले, "बघा. आम्ही जन्मभर फुकट ऐकतोय." त्या बाई इतक्या हसल्या की परकर न घेताच निघून गेल्या, आणि त्याचं खापरही वडिलांनी माझ्यावरच फोडलं.

पुढे कितीतरी वर्षं हा प्रश्न माझ्या पाठीमागे लागला. पगार घेता, तर मग सेवा कसली? बँकेतल्या साहेबांनी विचारला, शेजारच्या शिक्षिकाबाईंनी विचारला, मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आत्यानं तर कांदेपोहे खाता खाता विचारला. मी म्हटलं, डॉक्टर पैसे घेतात, मास्तर घेतात, देवळातला गुरवसुद्धा काही ना काही घेतो, मग मीच तेवढी का फुकट? ते लग्न जमलं नाही. बरं झालं.

हा सगळा राग मी ज्यांच्यापुढे जाऊन ओकायचे, त्या म्हणजे आमच्या बाई. महाडातलं आमचं समुपदेशन केंद्र त्यांनी उभं केलं. केंद्र म्हणजे औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मार्चमध्ये तळ्यावर लांबलांबून माणसं येतात, तेव्हा बाई केंद्राची दारं सताड उघडी ठेवत. माठ भरलेले असत. कुणीही वर यावं, पोराला पाजावं, घटकाभर पाय पसरावेत. एरवी मात्र त्या शिस्तीच्या. वेळेवर यायचं, दर आठवड्याला आपण काय केलं ते त्यांच्यासमोर बसून सांगायचं, आणि पगार मान वर करून घ्यायचा. "तू उपकार करत नाहीस, काम करतेस," म्हणायच्या. "उपकार करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. तुला विचारता आला पाहिजे."

त्यांचे काही नियम होते. दोन घरांचं भांडण असेल तर चहा दोन्ही घरी घ्यायचा, नाहीतर कुठेच नाही. एका गावात ऐकलेलं दुसऱ्या गावात तोंडातून काढायचं नाही, म्हणून या लिखाणातही कुणाचं नाव सापडायचं नाही. आणि तिसरा नियम, निकाल द्यायचा नाही. लोक मागतील, पाया पडून मागतील, तरी द्यायचा नाही.

हा तिसरा नियम माझ्या जिवावर यायचा. घरात मी थोरली. भावंडांच्या भांडणात कोण खरं, कोण खोटं, कुणी कान धरायचे, हे मी परकरात असल्यापासून ठरवत आले. आळीतली पोरंसुद्धा विटीदांडूचा तंटा घेऊन आमच्या ओट्यावर यायची. निकाल द्यायची मला खाजच आहे म्हणा ना. अशा बाईला देवानं नेमक्या या धंद्यात का घातलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

आता मुद्द्याचं सांगते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कापडे गाव मागे टाकून कुडपणच्या दिशेनं रस्ता चढायला लागला, की डोंगराच्या पोटाशी ज्या वाड्या लागतात, त्यातली ती एक. खाचरं भाताची, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, निम्मी घरं मुंबईला आणि उरलेल्या निम्म्यांचं लक्ष मुंबईकडे. या वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या गावकीचं राज्य होतं. घरटी एक पुरुष देवळाच्या सभामंडपात बसायचा आणि तिथे सगळं ठरायचं. बांध कुणाचा, पाण्याची पाळी कुणाची, पालखी कुठून निघायची, कुणाच्या लग्नाला गावकीची मोठी पातेली द्यायची. गावकीनं विहीर खणली, रस्ता केला, आजारी माणसाला डोलीत घालून कापड्यापर्यंत उतरवलं. हे सगळं खरं आहे. आणि ज्यानं गावकीचं ऐकलं नाही त्याला वाळीत टाकलं, हेही तितकंच खरं आहे. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्या कार्याला जायचं नाही, त्यांच्या मयताला खांदा द्यायचा नाही. जो बोलेल त्यालाही दंड.

तसं एक घर वाळीत पडलं होतं. कारण काय, तर शेतातल्या पायवाटेवरून तंटा झाला, गावकीनं निकाल दिला, आणि तो या घरच्या माणसाला पटला नाही म्हणून तो तहसील कचेरीत गेला. गावकीला वाटेचं काही नव्हतं. आपल्याला ओलांडून हा खाली गेला, हे तिला सोसलं नाही. नवराबायको आणि एक मुलगी. ती मुलगी शाळेत होती तेव्हा वाळीत पडली आणि लग्नाची झाली तरी वाळीतच होती.

मग बहिष्काराविरुद्धचा कायदा आला. दुसरीकडे कुठे कुठे गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आल्या, तशी मे महिन्यात गावी आलेली मुंबईकर मंडळी घाबरली. सभा बसली, नारळ फुटला आणि बंदी उठली. टाळ्यासुद्धा झाल्या म्हणे. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं होतं तसंच चालू राहिलं.

तसंच म्हणजे अगदी तसंच नाही. त्या वर्षी देवळाच्या वार्षिक पूजेचं आमंत्रण त्या घराला मिळालं. आमच्याकडे आमंत्रण म्हणजे माणूस दारात येऊन हाक मारतो, पूजा आहे, या, म्हणतो, पाणी पितो आणि जातो. बाकी सगळ्या घरी तसंच झालं. या घरी मात्र पोस्टमन आला. उद्या कुणी म्हणायला नको की बोलावलं नाही, म्हणून गावकीनं एका वकिलाच्या सल्ल्यानं रजिस्टर पोस्टानं आमंत्रण धाडलं होतं, पोचपावतीसकट. ज्या घरातून पत्र निघालं त्या घरातून हाक मारली असती तर ती या घरात ऐकू आली असती. पत्र मात्र आधी डोंगर उतरून पोस्टात गेलं आणि पोस्टमनच्या पिशवीतून डोंगर चढून परत आलं.

तो लिफाफा घेऊन नवराबायको आमच्या केंद्रात आली. काकांचा संताप अनावर होता. "ही काय नोटीस हाय का आमंत्रन हाय? मला तक्रार करायची हाय. सगल्यांना आत टाकायचं हाय." बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं. कायद्यानं काय करता येतं, पोलिसांत कसं जायचं, सगळं न लपवता सांगितलं. तक्रार करायची तेव्हा आम्ही सोबत येऊ, कधी करायची ते तुम्ही ठरवा, असंही म्हणाल्या. मग कोपऱ्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या मावशींकडे वळल्या. "आणि तुम्हाला काय हवंय?"

मावशींनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"माझ्या पोरीचं लगीन माझ्या दारात व्हायला पायजे," त्या म्हणाल्या. "आनि घान्याला पयलं मुसळ जावेनं धरायला पायजे. बाकी कोन येवो, नायतर नको येवो."

घाणा म्हणजे लग्नाआधी हळद कुटायचा विधी. मुसळाला आंब्याची पानं बांधतात, पाच सवाशिणी मिळून ते उखळात चालवतात, गाणी म्हणतात. आणि जाऊ म्हणजे शेजारच्या घरातली, काकांच्या चुलत भावाची बायको. दोघी एकाच लग्नसराईत त्या वाडीत नांदायला आल्या. दोघींच्या पडव्या लागून. एकीच्या बाळंतपणात दुसरीनं भाकऱ्या भाजलेल्या. गावकीनं बंदी घातली त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं.

"तुटलं म्हनजे," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या, "ती कोंबड्यांना सांगायची."

आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं. जावेला काही कळवायचं असलं की ती अंगणात येऊन कोंबड्यांना दाणे टाकता टाकता मोठ्यानं बोलायची. उद्या डॉक्टरीन येनार हाय गो शाळंत, पोरं न्यायची हायत. सोसायटीत युरिया आलाय गो. माझी सासू लय शिक हाय गो, आज काय खरं नाय. कोंबड्यांशी बोलायला गावकीची बंदी नव्हती. आणि मावशी पडवीच्या कुडापलीकडे कान देऊन बसायच्या. इतकी वर्षं वाडीतल्या बातम्या त्यांना कोंबड्यांमार्फत कळल्या.

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता बंदी उठली ना," मावशी म्हणाल्या. "आता कोंबड्यांनाबी नाय सांगत. कायच नाय बोलत."

बंदी होती तोवर तिच्यातून वाट काढली होती दोघींनी. बंदी उठली आणि ती वाटच बुजली.

बाईंनी हे काम माझ्यावर सोपवलं. मुंबईहून मावशींना त्यांच्या भावाचा रोज फोन यायचा, "ताई, महाडला हॉल घेऊ, कॅटरर सगला बघंल, फुल टेन्शन फ्री." काकांनाही ते पटायला लागलं होतं. तक्रार लग्नानंतर करू, असं त्यांनी आपल्या मनानं ठरवलं. मावशी मात्र हटून बसल्या. हॉलमध्ये जावेनं यायचा प्रश्नच नव्हता, आणि जाऊ नसेल तर त्यांच्या लेखी ते कार्यच नव्हतं. त्यांना खरंच काय हवंय, हे मला तेव्हा नीट समजलं. इतकी वर्षं अंगावर काढली ती वाया गेली का, जावेच्या मनात मी उरले आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी वर जायला लागले. पोलादपूरहून एसटी, पुढे मिनीडोर रिक्षा, शेवटचा चढ पायी. वाडीत घरोघर बसले. सगळी माणसं भली. ताक द्यायची, फणस फोडायची, आणि त्या घराचा विषय काढला की एकच बोलायची, "बंदी उठवलीन ना गावकीनं. पन जावा, असं कुटं सांगितलंन?"

आधी मला वाटलं, हे सगळे मिळून माझी थट्टा करतायत. पण नाही. ते मनापासून बोलत होते. जायचं नाही हा हुकूम होता, तो मागे घेतला. जायचं, हा हुकूम आला नव्हता. आणि हुकमावाचून आपण होऊन कुणाच्या दारात कसं जायचं, ही सवयच गावाला राहिली नव्हती. प्रत्येक घर शेजारच्या घराकडे बघत होतं. राजा उठून गेला होता आणि दरबार अजून उभाच होता.

जाऊ अंगणात नाचणी पाखडत होती. कोंबड्या आजूबाजूला होत्या, त्यांच्याकडे मी जरा आदरानंच बघितलं. मी बसले. इकडचं तिकडचं झालं. मग तीच म्हणाली, "बंदीत नाय बोलले, त्याला कारन होतं. आता इतकं झाल्यावर तिला काय सांगू? काय तोंडानं जाऊ?" सूप हलायचं थांबलं. "ताई, तुमी मला सांगा, जा म्हनून. मी ही आत्ता उठून जाते."

माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. जा गं बाई, ऊठ आणि जा, दहा पावलं नाहीत! एका अक्षराचं काम. मावशींचं घर भरलं असतं, मी संध्याकाळच्या गाडीनं विजयी मुद्रेनं खाली उतरले असते. तो शब्द मी कसा गिळला, माझं मला माहीत.

"तुम्हाला जायचंय का?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला? मला कोन इचारतंय?"

"मी विचारतेय."

तिनं सूप उचललं आणि आत गेली. दार ओढून घेतलं नाही, एवढंच.

त्या आठवड्यात बाईंच्या समोर बसले ती भांडायलाच. "एक शब्द बोलले असते तर झालं असतं," मी म्हणाले. "आपल्या तत्त्वापायी त्या बाईचं कार्य मोडू द्यायचं का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं होतं, आता काहीतरी मोठं वाक्य येईल. त्या म्हणाल्या, "मलाही भीती वाटतेय. ती येईल की नाही मला सांगता येत नाही. पण तुझ्या सांगण्यावरून ती आज गेली, तर उद्या तू नसताना कुणाच्या सांगण्यावरून परत फिरेल, हेही सांगता येत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "नाहीच आली, तर त्या आईसमोर जाऊन बसावं लागेल. तोंड चुकवता येणार नाही. ते तुला जमेल का, तेवढं बघ." आणि खालून भजी मागवली. दोघींनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

लग्न तोंडावर आलं तसं गावप्रमुखांनी मला सभेला बोलावलं. मुंबईत नोकरी करून परतलेले, पांढऱ्या टोपीतले, बोलायला मऊ गृहस्थ. सगळे त्यांना आप्पा म्हणत. सभामंडपात त्यांच्या शेजारी, किंबहुना त्यांच्या जरा पुढेच, माझ्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. ती खुर्ची बघूनच माझ्या ध्यानात आलं, निकाल मागणार.

"ताई," आप्पा म्हणाले, "आमचं आता वय झालं, कायदाबी बदलला. आता तुमी सांगा. त्या लग्नाला जायाचं का नाय? तुमी सांगाल त्ये गाव मान्य करील."

सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. आमच्या ओट्यावर विटीदांडूचा तंटा घेऊन येणारी पोरंच जणू आता टोप्या घालून समोर बसली होती. मी खुर्ची ओढून, त्या दिवशी ऐकायला आलेल्या बायका कडेला बसल्या होत्या, त्या बाजूला नेली.

"जायला मनाई कुणालाच नाही," मी म्हणाले. "सक्तीही कुणावर नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठरवा."

एकच गलका झाला. घरी ठरवायचं म्हणजे काय? मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या घरी टीवीवर काय लावायचं त्येबी ठरत नाय हो ताई!" सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते खरोखरच दुखावले होते. गावाची सत्ता ताटात वाढून आणावी आणि समोरच्यानं भूक नाही म्हणावं, तसं झालं होतं.

"काय करायचं त्ये सांगनार नाय," ते म्हणाले, "मंग तुमचा पगार कशाचा हो?"

मी नमस्कार केला आणि खाली उतरले.

मावशी मात्र रीतीप्रमाणे सगळ्या घरी स्वतः आमंत्रणाला गेल्या. जावेच्या अंगणात उभ्या राहिल्या, दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "परवा घाना हाय," आणि उत्तराची वाट न बघता माघारी आल्या. आतून आवाज आला नाही. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. बोलताना आवाज बरा होता, फोन ठेवताना मोडला.

घाण्याच्या दिवशी मी सकाळीच वर पोचले. दारात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. भात शिजवायची पातेली पोलादपूरहून भाड्यानं आणली होती, गावकीकडे कुणी मागायला गेलंच नव्हतं. मावशींच्या माहेरच्या चार बायका उखळाभोवती बसल्या होत्या. मुसळाला पानं बांधून झाली होती. पाचवी जागा मावशींनी मोकळी ठेवली होती आणि तिथे पाट मांडला होता.

आणि वाडीकडे बघितलं तर काय! दारोदार बायका उभ्या. सगळ्याजणी ठेवणीतली लुगडी, साड्या नेसलेल्या, केसांत अबोलीचे वळेसर, कुणाच्या हातात झाकलेली ताटं. लग्नाला जायची सगळी तयारी करून प्रत्येकजण आपापल्या उंबऱ्यात उभी होती, आणि कुणीच पाऊल खाली टाकत नव्हती. एवढ्या नटलेल्या बायका इतक्या गप्प उभ्या असलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. त्या एकमेकींकडे बघत होत्या आणि मग सगळ्याजणी माझ्याकडे. मी नुसता हात केला असता, या म्हणून, तरी पुरलं असतं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मांडवाच्या मेढीशी बसून राहिले.

वेळ चालली होती. माहेरची एक म्हातारी म्हणाली, "करा सुरू, मुहूर्त टळंल." मावशी म्हणाल्या, "थांब जरा." काका मांडवाबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. नवरी पिवळ्या साडीत बसलेली, तिला राहवलं नाही. "आई, बस कर गो," ती म्हणाली. "किती वाट बघशील त्यांची? मी हाय ना. कर सुरू."

मावशींनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. खाली वाकून मुसळ उचललं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. याच बाईसमोर जाऊन आता मला बसायचं होतं, आणि मी काय बोलणार होते?

शेजारच्या दारात हालचाल झाली. जाऊ बाहेर आली. ती नटलेली नव्हती. रोजचंच लुगडं, हाताला नाचणीचं पीठ, बहुधा चुलीसमोरून उठली असावी. पायरीवर क्षणभर थबकली. कुणाकडे बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. अंगण ओलांडून आली, मांडवाच्या कडेला चपला काढल्या, पीठ लुगड्याला पुसलं आणि पाटावर बसून मावशींच्या हातातल्या मुसळाला हात घातला.

मावशी रोज बोलत असाव्यात अशा आवाजात म्हणाल्या, "उशीर केलास गो."

"कोनी सांगितलं नाय," जाऊ म्हणाली. "म्हनून उशीर झाला."

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग म्हाताऱ्या हसल्या, मग नवरी, आणि हसता हसता मावशी रडायला लागल्या. मुसळ दोघींनी धरलेलंच होतं. ते उखळात पडलं आणि गाणं सुरू झालं. समोरच्या उंबऱ्यातली एकजण खाली उतरली, तिच्यामागून दुसरी. आप्पांची बायको आली ती सुनेला ओढतच घेऊन. दुपारी गावकीची पातेलीही आली, पण भात होऊन गेला होता, म्हणून त्यांत पाणी भरून ठेवलं. सगळी वाडी आली असं मात्र नाही. काही दारं शेवटपर्यंत बंद राहिली. ती त्यांनी त्यांच्या घरी ठरवलेली गोष्ट. काकांनी तक्रारीचं पुढे काय केलं, तेही त्यांचं त्यांनी ठरवलं. ते इथे सांगायचं नाही.

आज बाई निवृत्त होऊन दूर राहतात. त्यांच्या खुर्चीवर मी बसते आणि नव्या मुली माझ्यासमोर बसून तेच भांडण भांडतात. मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. मला गप्प बसायला शिकवणाऱ्या बाईंची आहे, खुर्ची पुढे करणाऱ्या आप्पांचीसुद्धा आहे, कारण ती खुर्ची कशी असते हे ती समोर आल्याशिवाय मला कळलं नसतं. पण सगळ्यांत जास्त त्या दोघींची. मला माझा व्यवसाय विद्यापीठानं दिला असं कागद म्हणतो. मला तो त्या मांडवात मिळाला.

त्या दिवशी निघाले तेव्हा मावशी मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. दोन्ही हात हळदीनं माखलेले, म्हणून ते अंगापासून लांब धरून चालत होत्या. मिनीडोर खालच्या वळणावर दिसायला लागली.

"मला लय राग आला होता तुमचा," त्या म्हणाल्या. "ताईनं एक शब्द टाकला असता तर काय गेलं असतं तिचं, असं वाटत होतं. पन बरं केलंत. तुमी सांगून ती आली असती, तर मला मरेपरयंत समजलं नसतं, ती माझ्याकडं आली का तुमच्याकडं."

मी त्यांचे हळदीचे हात हातात घेतले.

"मलाही नसतं समजलं, मावशी," मी म्हणाले.